‘स्वित्झर्लंड केलेत ना?’

२०२५ च्या उन्हाळ्यात युरोपातील सोळा दिवसांचा प्रवास आटोपून आम्ही उभयतां मयूर विहारास परतलो, त्याच आठवड्यात आमच्या वसाहतीतील एका ज्येष्ठ मराठी स्नेह्यांनी जिन्यात गाठून आम्हांस विचारले, “काय, स्वित्झर्लंड केलेत ना?” स्वित्झर्लंडला आम्ही गेलोच नाही, असे आम्ही सांगितले. “मग पॅरिस तरी केले असेल?” तेही नाही, असे म्हणताच त्यांच्या मुद्रेवर जी करुणा उमटली ती खात्याच्या परीक्षेत तिसऱ्यांदा नापास झालेल्या कारकुनाविषयी वरिष्ठांना वाटणाऱ्या करुणेहून निराळी नव्हती. पाठीवर पिशव्या टाकून आम्ही आगगाडीने हिंडलो, स्वस्त वसतिगृहांत उतरलो आणि बव्हंशी स्वतःच्या हातचे जेवलो, हे कळल्यावर तर त्यांना राहवेना. “अहो, इतकी ओढाताण करायची तर जायचे कशाला? आणखी काही वर्षे थांबायचे होते. चांगल्या सहलीबरोबर नीट गेला असता.”

या ‘नीट’ शब्दाशी आमचे भांडण आहे. ते त्या एका गृहस्थांशी नाही. ते आमच्यावर लोभ करतात आणि गणपतीच्या वर्गणीचे कामही वर्षानुवर्षे चोख करीत आले आहेत. परंतु बदलीच्या गावी राहणारा मराठी सरकारी नोकर प्रवासाविषयी जो विचार करतो, किंवा अधिक खरे बोलायचे तर जो विचार तो करीत नाही, त्याचे सार त्या एका शब्दात आले आहे.

आधी ‘करणे’ या क्रियापदाकडे पाहू. हे आपल्या भाषेतील फार सोशिक क्रियापद आहे. आपण स्वयंपाक करतो, नोकरी करतो, लग्न करतो, आणि काशीही करतो. ‘काशी केली’ या प्रयोगात मात्र अर्थ होता. यात्रा हा विधी होता. ठरलेली स्थाने, ठरलेला क्रम, ठरलेली दक्षिणा; ते सारे यथासांग पार पडले की यात्रा ‘झाली’. वाटेत काय दिसले, कोण भेटले, हे यात्रेकरूस कोणी विचारीत नसे, कारण तो त्यासाठी गेलेलाच नसे. पण पॅरिसला कोणता विधी करावयाचा असतो? आयफेल मनोऱ्यापुढे उभे राहून छायाचित्र काढणे, टिटलिसच्या बर्फात उभे राहून घरून आणलेली पुरणपोळी खाणे, आणि बसमध्ये आपले आसन कालचेच आहे ना याची खात्री करून घेणे, यांपलीकडे त्या विधीत काही असल्यास आम्हांस ते कोणी सांगितलेले नाही. पंड्याची जागा सहलीच्या व्यवस्थापकाने घेतली आहे, इतकेच. तोही आपले नाव-गाव वहीत लिहून घेतो, आपल्याला मोजून नेतो आणि मोजून आणतो.

सहल ही गोष्ट जन्मतःच वाईट होती असे आमचे म्हणणे नाही. ५ जुलै १८४१ रोजी टॉमस कुक याने लेस्टरहून लफबरोला मद्यपानविरोधी सभेसाठी सुमारे पाचशे माणसे एक शिलिंगात आगगाडीने नेली, तेव्हापासून हा व्यवसाय सुरू झाला असे मानतात. ज्या कष्टकऱ्यांनी आपल्या गावाची वेस ओलांडली नव्हती त्यांना त्याने गाडीत बसविले, हे पुण्याचेच काम. आजही जिने सारा जन्म एकटीने रेल्वेचे तिकीट काढले नाही अशी एखादी वृद्ध विधवा सहलीबरोबर रोम पाहून येते, तेव्हा आम्हांस आनंदच होतो. आमच्या आईचे गुडघे पाहता तिलाही आम्ही सहलीबरोबरच पाठवू. आमचा राग आहे तो धडधाकट, पदवीधर, इंग्रजी जाणणाऱ्या आणि आयुष्यभर इतरांचे प्रवासभत्ते तपासणाऱ्या गृहस्थावर. याला रेल्वेचे वेळापत्रक समजत नाही असे कोण म्हणेल?

पैशाचा प्रश्न बाजूस सारून चालणार नाही, कारण ‘ओढाताण’ हा आरोप पैशाचाच आहे. आम्ही डाकघरात दरमहा पाच हजारांची आवर्ती ठेव पाच वर्षे चालविली. व्याजासह ती साडेतीन लाखांच्या जवळ गेली, आणि विमान, व्हिसा, विमा, गाड्या, राहणे व खाणे मिळून आम्हां दोघांचा प्रवास तेवढ्यात बसला. सहलींच्या ज्या पत्रकांवर आम्ही नजर टाकली त्यांतील एका माणसाचा खर्च याच्या फारसा मागे नव्हता. सोळा दिवसांत आम्ही टॅक्सीत एकदाही बसलो नाही. ऑस्ट्रियात व जर्मनीत आधी काढलेले, एकाच गाडीला बांधलेले तिकीट पुष्कळ स्वस्त पडते. ती गाडी चुकली की तिकीटही गेले. युरोपबाहेरच्या प्रवाशांसाठी १९५९ पासून युरेल नावाचा पास मिळतो आणि सत्तावीस वर्षांपर्यंतच्या तरुणांना त्यात सवलत असते. आमचे ते वय सरले होते, आणि चारपाचच लांब प्रवास करावयाचे असल्याने सुटी तिकिटेच परवडली. हा हिशेब करायला आम्हांस तीन रविवार लागले. तो करताना एकदाही कंटाळा आला नाही, आणि हे एका कारकुनाच्या लेखणीतून उतरत आहे, याची वाचकांनी नोंद घ्यावी.

आपल्या वडिलांच्या पिढीची गोष्ट वेगळी होती. परकीय चलनाचा असा दुष्काळ होता की १९६० नंतरच्या काही वर्षांत परदेशी निघालेल्या माणसाच्या खिशात तीन पौंडांच्या वर जाऊ देत नसत. ‘अपूर्वाई’ १९६० साली पुस्तकरूपाने आली, तेव्हा ती वाचणाऱ्या शेकडा नव्व्याण्णव घरांना विलायत पुस्तकातच पाहावी लागणार, हे ठरलेले होते. आज रिझर्व्ह बँक प्रत्येक माणसास वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर नेऊ देते. आपल्यासारख्यांनी त्या आकड्याकडे पाहून हसावे, दुसरे काय! सरकारी नोकराने परदेशी जाण्यापूर्वी परवानगी मागावी लागते, हे खरे. परंतु २०१५ च्या परिपत्रकान्वये अर्ज दिल्यापासून एकवीस दिवसांत उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असे समजावयाचे आहे. अर्जाच्या नमुन्यात खर्चाचा अंदाज आणि पैशाचा उगम विचारतात. तो आम्ही एका बैठकीत भरला. शेंगेन व्हिसाची फी नव्वद युरो, तीस हजार युरोंचा विमा, बँकेची खातेपत्रके, मुक्कामांच्या नोंदी, हे सारे जोडून जी नस्ती झाली तीवर पृष्ठांक घालण्याचा मोह आम्हांस आवरला नाही. कायद्याची अडचण राहिली नाही, कागदाची अडचण तर आपल्याला कधीच नव्हती. मग उरली कोणती?

उरली ती ठरविण्याची. कचेरीत आपण टिपण लिहितो, उजव्या कोपऱ्यात नियम उद्धृत करतो आणि खाली ‘आदेशार्थ सादर’ असे लिहून मोकळे होतो. दहा-बारा वर्षे असे केल्यावर माणसाच्या हाताला जे वळण लागते ते कचेरीपुरते राहत नाही. वेनिसजवळच्या मेस्त्रे स्थानकावर त्याचा आम्हांस जो अनुभव आला तो सांगण्यासारखा आहे, आणि त्यात आमची शोभा नाही. आम्हांस वेरोनास जाऊन तेथून इन्सब्रुकची गाडी गाठावयाची होती. त्या पुढल्या गाडीचे तिकीट वर सांगितल्याप्रमाणे गाडीला बांधलेले. मेस्त्रेहून वेरोनास एक जलद आणि महाग गाडी होती, एक सावकाश आणि स्वस्त. कोणती घ्यावी? आम्ही दोन्हींचे गुणदोष सौभाग्यवतींपुढे मांडले. त्यांनी ‘तुम्हांला काय वाटते?’ असे विचारले. आम्ही पुन्हा गुणदोष मांडले. प्रकरण असे विचाराधीन असतानाच दोन्ही गाड्या आमच्या डोळ्यांदेखत निघून गेल्या.

त्यानंतर त्या फलाटावर जे भांडण झाले ते मराठीत झाले म्हणून बरे. “अहो, तुम्ही इथेही कुणाच्या सहीची वाट पाहताय का?” असे सौभाग्यवतींनी विचारले. आमच्या सहा वर्षांच्या संसारात इतके अचूक वाक्य त्या बोलल्या नव्हत्या. पुढची सावकाश गाडी त्यांनीच ठरविली, तिकिटेही त्यांनीच यंत्रातून काढली. धावपळीत ती फलाटावरच्या लहान यंत्रात घालून त्यांवर वेळेचा शिक्का मारून घेणे मात्र राहिले. इटलीत प्रादेशिक गाडीच्या कागदी तिकिटावर असा शिक्का नसेल तर दंड होतो. गाडी सुटल्यावर हे ध्यानात आले. आमचा विचार असा की तपासनीस येईपर्यंत स्वस्थ बसावे. त्यांचा विचार असा की आपणच उठून त्याला शोधावे. त्या गेल्या, दोन डबे ओलांडून त्याला गाठले, हिंदी-इंग्रजीची खिचडी आणि हातवारे यांच्या बळावर चूक कबूल केली. त्याने खिशातून पेन काढून तिकिटांवर तारीख-वेळ लिहिली आणि वर काहीतरी विनोद केला. तो आम्हांस कळला नाही, पण त्या हसल्या. वेरोनास पोहोचलो तेव्हा पुढची गाडी सुटण्यास अकरा मिनिटे होती.

या अकरा मिनिटांसाठी आम्ही युरोपास गेलो होतो, असे म्हटले तर आमचे ज्येष्ठ स्नेही पुन्हा करुणेने पाहतील. पण सहलीत ही अकरा मिनिटे मिळत नाहीत. तेथे गाडी चुकत नाही, तिकीट आपल्या हाती येत नाही, आणि आपल्या पत्नीस अनोळखी मुलखात अनोळखी माणसाशी बोलताना पाहण्याचा प्रसंगही येत नाही. दिल्लीत त्या शाळेत शिकवितात आणि घरी आल्यावर विजेच्या बिलापासून सगळे आम्हांला विचारतात, अशी आमची समजूत होती. ही समजूत मेस्त्रे ते वेरोना या टापूत कुठेतरी गळून पडली. त्याबद्दल अधिक लिहीत नाही. हा अंक त्याही वाचतात.

आता, आम्ही पाहिले काय? त्या स्नेह्यांच्या प्रश्नास एक उत्तर देतो. व्हिएन्नाहून निघून, पायरबाख येथे गाडी बदलून, आम्ही सेमरिंग नावाच्या घाटातील स्थानकावर उतरलो. आम्ही चाळलेल्या सहलींच्या एकाही पत्रकात हे नाव नव्हते. कार्ल फोन गेगा नावाच्या अभियंत्याने १८४८ ते १८५४ या काळात आल्प्सचा हा घाट लोहमार्गाने ओलांडला. एकेचाळीस किलोमीटरांत चौदा बोगदे आणि सोळा मोठे पूल. मौज अशी की हा मार्ग बांधावयास घेतला तेव्हा त्या चढावर चालू शकेल असे इंजिनच जगात नव्हते! १८५१ मध्ये इंजिनांची स्पर्धा लावून ते घडवून घेतले. स्थानकापासून रानातून पायवाट निघते. तासाभराने एके ठिकाणी झाडी उघडते आणि समोर दरीवर दुमजली कमानींचा पूल दिसतो, त्यावरून आगगाडी खेळण्यातल्या गाडीसारखी जाते. त्या जागेस वीस शिलिंगांचा देखावा म्हणतात, कारण युरो येण्यापूर्वी ऑस्ट्रियाच्या वीस शिलिंगांच्या नोटेवर हेच दृश्य छापलेले होते. एका अभियंत्याचा चेहरा आणि त्याचा रेल्वेपूल एका राष्ट्राने नोटेवर छापावा, ही गोष्ट आम्हांस फार आवडली.

तेथे बसून डबा खाताना आम्हांस आठवला तो बोरघाट. खंडाळ्याच्या घाटातील आपला लोहमार्ग सेमरिंगनंतर अवघ्या नऊ वर्षांनी, १८६३ मध्ये खुला झाला. सेमरिंगचा चढ चाळीसास एक. बोरघाटाचा सदतीसास एक, म्हणजे त्याहून कडक. गाडीला मध्येच तोंड फिरवून घ्यावे लागे, अशी ती रचना होती. तो आखणारा जेम्स बर्कली मार्ग खुला होण्याच्या आधीच वारला, आणि तो खोदणारे मजूर तर पटकीने आणि सुरुंगांनी हजारोंच्या संख्येने मेले. पुणे-मुंबई प्रवास आम्ही किती वेळा केला याची गणती नाही. प्रत्येक वेळी कर्जतचा वडा घेतला आणि बोगदा आला की खिडकी लावली. आपल्या घाटाकडे पाहण्यासाठी आम्हांस आल्प्समध्ये जावे लागले, ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे. सेमरिंगच्या पोटातून आता सत्तावीस किलोमीटरांचा नवा बोगदा बांधीत आहेत आणि तो २०३० मध्ये खुला करण्याचा तेथील रेल्वेचा बेत आहे. मग जलद गाड्या खालून जातील. ज्यांना हा घाट मुख्य मार्गाच्या गाडीतून पाहावयाचा असेल त्यांनी ‘आणखी काही वर्षे’ थांबण्याचा सल्ला मानू नये.

जेवणाविषयी लिहिल्यावाचून मराठी प्रवासलेख पुरा होत नाही, आणि येथे आम्हांसही एक कबुली देणे आहे. पुरणपोळीला हसलो खरे, पण आमच्याही पिशवीत मेतकूट होते. दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेता येत नाहीत, म्हणून तूप घरी राहिले. इन्सब्रुकला पोहोचलो ती रविवारची आदली संध्याकाळ. रविवारी तेथे दुकाने बंद असतात, हे ठाऊक असूनही आम्ही तांदळांपलीकडे काही घेतले नाही. म्हणून वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात बिनतुपाचा मेतकूट-भात शिजला. शेजारच्या शेगडीवर पोलंडहून आलेले साठीच्या पुढचे एक जोडपे बटाटे उकडीत होते. त्यांनी मेतकुटाचा वास घेतला, चिमूटभर बटाट्यावर घालून पाहिले आणि त्यांचे लोणी आमच्यापुढे सरकविले. मग त्या गृहस्थांनी मोडक्या इंग्रजीत सहज विचारले, “पण तुमचा गट कोठे आहे?” भारतीय माणूस गटाविना असू शकतो हे त्यांनी पाहिलेच नव्हते. मेतकूट नेण्यात आम्हांस कमीपणा वाटत नाही. ते वासालाही दुसऱ्या कोणास मिळू नये अशा बेताने खाल्ले जाते, त्याचे वाईट वाटते.

आता जे लिहावयाचे आहे ते वाचकांस कडू लागेल. पोलंडच्या त्या म्हाताऱ्याचा प्रश्न आम्ही बरोबर घेऊन मयूर विहारात आलो आणि तो येथेही लागू पडतो असे दिसले. आपण दिल्लीत कसे राहतो? ब्लू लाइनने कचेरी, कचेरीतून घर. मराठी मंडळ, मराठी नाटक, गावाहून येणाऱ्या माणसाबरोबर मागविलेले गोडा मसाला आणि भडंग. चार वर्षांतून एकदा रजाप्रवास सवलत, एरवी गाव. आमचे ज्येष्ठ स्नेही येथे अठरा वर्षे आहेत. पलीकडच्या गल्लीतील उत्तर गुरुवायूरप्पन मंदिर त्यांनी आतून पाहिलेले नाही. हाकेच्या अंतरावर त्रिलोकपुरी आहे. १९८४ च्या नोव्हेंबरात शिखांचे जे शिरकाण झाले त्यातील अतिशय भीषण प्रकार जेथे घडले ती ही वस्ती. तेथे ते कधी उतरलेले नाहीत, त्यांची रिक्षा फक्त तेथून जाते. मेट्रोच्या खिडकीतून रोज यमुनेचा खादर दिसतो, त्यातील भाजीचे वाफे दिसतात. जुलै २०२३ मध्ये नदीने २०८.६६ मीटरांची विक्रमी पातळी गाठली तेव्हा तेच शेतकरी गुराढोरांसह मयूर विहारच्या रस्त्याकडेला ताडपत्र्यांखाली येऊन राहिले. आपण त्यांस पुलावरून पाहिले. हे सारे बसच्या काचेतून पाहणे झाले. व्यवस्थापकाने उतरा म्हटले नाही, आपण उतरलो नाही. अठरा वर्षांत आपण दिल्ली ‘केली’.

आणि ही आपली जुनी रीत आहे, असेही म्हणता येत नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते घरचे कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवावी म्हणून. बंडाच्या धामधुमीत सापडले, लुटले गेले, झाशीच्या वेढ्यात अडकले, आणि तरीही लोक काय खातात, कसे बोलतात, कोठे कसली वस्त्रे मिळतात, हे सगळे डोळे उघडे ठेवून पाहत राहिले. ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये छापला गेला, म्हणजे त्यासही शतक उलटून गेले. त्या भटजींजवळ ना विमा होता ना परतीचे तिकीट. आम्ही त्यांच्या पायांशी उभे राहण्याच्याही लायकीचे नाही. तथापि घराबाहेर पडलेल्या मराठी माणसाने आपला पूर्वज निवडावयाचा झाल्यास सहलीच्या व्यवस्थापकापेक्षा हे अधिक बरे.

कोणी म्हणेल, प्रकृतीचे काय? परमुलखात आजारी पडलो तर? आम्ही आजारी पडलो. म्युनिकमध्ये ताप येऊन दीड दिवस खाटेवर काढला, ठरविलेले एक संग्रहालय बुडाले. औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या आणि खिडकीतून समोरच्या घरातील म्हातारी कुंड्यांना पाणी घालताना पाहत राहिलो. दिल्लीत ताप आला असता तर वेगळे काय केले असते? आणि भाषा? चार शब्द शिकून गेलो होतो, त्यांतील दोन चुकीचे उच्चारले. येथे बाराखांब्याच्या चौकात रिक्षावाल्याशी आपण जी हिंदी बोलतो तिचेही तसेच आहे.

आम्ही नवी आवर्ती ठेव उघडली आहे. ती २०३० मध्ये पुरी होईल. तिचे काय करावयाचे यावर घरात मतभेद आहेत आणि या खेपेस टिपण आम्ही लिहिणार नाही. दरम्यान ज्येष्ठ स्नेह्यांस, आणि मयूर विहार-नोएडा भागातील ज्या वाचकांस हा लेख झोंबला असेल त्यांस, एक सांगणे. दर रविवारी सकाळी सहा वाजता आम्ही दोघे मयूर विहार-एक मेट्रो स्थानकाच्या जिन्याखाली उभे असतो आणि तेथून खादरात चालत जातो. तिकीट लागत नाही. सव्वासहापर्यंत वाट पाहतो, मग निघतो.